मंडळाचा गठ्ठा

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका नगरपंचायतीत (नाव विचारू नका, तिथं आमची सोयरीक आहे!) गोकुळ नावाचा लिपिक आहे. गावचं सांडपाणी शुद्ध करून ओढ्यात सोडायचं तर प्रदूषण मंडळाचा विसर्ग परवाना लागतो. ते सगळे परवाने गोकुळच्या ताब्यात. सोमवारी मंडळाच्या वृषाली मॅडम मूळ कागद तपासायला येणार होत्या. तपासणी नीट झाली की गोकुळ वरिष्ठ लिपिक! पेढे सांगायचेच काय ते राहिले होते.

"आपलं रेकॉर्ड म्हणजे आरसा!" तो शिपाई ठमाबाईंना म्हणाला. "डोळे मिटून फाइल काढावी!"

"मिटूनच काढावी लागंल, भाऊसाहेब. डोळं उघडून वाचलं तरी कुठं काय कळतंय!"

बाईंचंही खरं होतं. गोकुळला अक्षरं वाचवायची भारी हौस. 'जन्म-मृत्यू' हेही तो 'ज.मृ.' असं उरकायचा.

शनिवारी त्याला मेव्हणीच्या साखरपुड्याला जायची घाई. दारातूनच ओरडला, "ठमाबाई, गणपती मंडळांचे गेल्या वर्षीचे अर्ज नष्ट करायचेत. तेवढे फाडून टाका!"

आणि गेला जेवायला.

सोमवारी सकाळी कपाट उघडलं, तर मधला कप्पा रिकामा! गणपती मंडळांचे अर्ज मात्र खालच्या कप्प्यात सुखात बसलेले.

"ठमाबाई, इथला गठ्ठा कुठाय? 'मंडळ, विस. पर.' लिहिलेला?"

"त्यो व्हय? मंडळ, विसर्जन परवानं. केला की नष्ट!"

गोकुळनं रिकाम्या कप्प्यात पुन्हा हात घालून पाहिला. "विसर्जन नाही हो बाई, विसर्ग! आणि मंडळ म्हणजे प्रदूषण मंडळ! फाडलात?"

"न्हाय बया! मंडळाचा कागद म्हंजी वर गणपती छापलेला असणार. देवाला फाडायचं व्हय?"

"मग?"

"खताच्या पिशवीत गच्च बांधला, हळदीकुंकू वाह्यलं, अन् दिला कालव्यात सोडून. आरती बी म्हनली!"

गोकुळनं मोटारसायकल काढली. ठमाबाई मागं बसल्या. कालव्याला आवर्तन सुटलेलं, पाणी दुथडी. प्रत्येक पुलावर गोकुळ विचारायचा, "एखादा गठ्ठा वाहत गेला का?"

"गठ्ठा न्हाय बा," एकानं शांतपणे सांगितलं, "परवा म्हस गेली एक. ती चालंल का?"

लासुर्ण्याजवळ, कालव्याचं पाणी शेतांकडं नेणाऱ्या चारीच्या दारापाशी गर्दी दिसली. पिशवी दारात अडकून चारीचं पाणी तुंबलं होतं. तिथले शेतकरी मोहनराव यांनी ती ओढून काढली होती आणि आतले कागद आपल्या ढोबळी मिरचीच्या बांधावर ढेकळं ठेवून पसरले होते. एकही भिजला नव्हता! गोकुळला ठमाबाईंच्या गाठीच्या पाया पडावंसं वाटलं.

पण मोहनरावांनी कागद वाचले होते, आणि तेही अर्धेच.

"सांडपाणी सोडण्यास परवानगी!" ते गरजले. "आमच्या कालव्यात गटार सोडताय? ही मिरची पुण्याच्या बाजारात जाती, भाऊसाहेब!"

"आबा, ते ओढ्यात सोडतो! तेही शुद्ध करून!"

"मग परवाना कालव्यात कसा आला?"

याचं उत्तर द्यायचं म्हणजे आरतीपासून सुरुवात करावी लागली असती.

"मी सकाळीच फोन लावलाय प्रदूषणवाल्या बाईंना. ह्या बगा, आल्याच!"

जीपमधून वृषाली मॅडम उतरल्या. थेट बांधावर बसल्या आणि एकेक कागद तपासू लागल्या. अर्धा तास मिरचीसुद्धा हलली नाही.

"परवाने सगळे वैध," अखेर त्या म्हणाल्या. "पान न् पान जागेवर. इतकी नीटनेटकी फाइल जिल्ह्यात पाहिली नाही मी."

गोकुळचे डोळे भरून आले. वरिष्ठ लिपिक! त्यानं ठमाबाईंकडं पाहिलं. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

"तपासणी संपली. आता यांची तक्रार." मॅडमनी दुसरा फॉर्म काढला आणि मोहनरावांना ऐकू जाईल अशा बेतानं वाचत लिहू लागल्या.

"कालव्यात विनापरवाना विसर्ग करणारी संस्था: नगरपंचायत. जबाबदार कर्मचारी: गोकुळ, लिपिक. सोडलेला पदार्थ: विसर्ग परवाने. एक गठ्ठा."