आतल्या खोलीतील अनधिकृत प्रेक्षक

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आतल्या खोलीतल्या टीव्हीवर मुंग्या आल्या. बाहेरच्या खोलीत त्याच वेळी चित्र स्वच्छ होते. घरात रिसीव्हर एकच, तो बाहेरच्या खोलीत. त्याच्यातून निघालेली दुसरी तार दाराच्या चौकटीवरून आतल्या खोलीत जात होती आणि तिथे नाना पाय प्लास्टरमध्ये घालून पडले होते. बाहेर जे लागेल तेच आत दिसे. रिमोट मुलाकडे आणि काठी नानांकडे, अशी सत्तेची वाटणी होती.

नाना फुटबॉलचे निवृत्त पंच. त्यांनी काठीने भिंतीवर एकदा ठोकले की चॅनेल बदलायचे, दोनदा ठोकले की आवाज वाढवायचा आणि तीनदा ठोकले की 'झोपलास की काय?' एवढे समजून घ्यायचे. सूनबाईंची मालिका लागली तरी त्यांची पंचगिरी थांबत नसे. "त्या नणंदेला आधी मैदानाबाहेर काढा," असा निकाल भिंतीपलीकडून येई. सूनबाई इकडून म्हणत, "थांबा हो नाना, अजून तिची बाजू यायचीय."

रविवारी अंतिम सामना होता. मुंग्यांत चेंडू दिसणार नव्हता.

मुलगा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतो. कोणी 'दिसत नाही' म्हटले की उपाय करायचा, ही धंद्याची सवय. त्याने रिसीव्हर देणाऱ्या कार्यालयाच्या ग्राहक कक्षाला फोन केला.

"टीव्ही कुठल्या खोलीत आहे?"

"आतल्या."

"आमच्याकडे बाहेरच्या खोलीची नोंद आहे. आतली खोली आमच्याकडे नाही."

"आमच्याकडे आहे ना."

"तेच तपासायला माणूस पाठवतो."

बुधवारी निरीक्षक आले. तार चाचपत चाचपत ते चौकट ओलांडून नानांच्या उशाशी पोचले. तार फक्त सैल झाली होती. ती त्यांनी पूर्ण काढली, गुंडाळली आणि जप्त केली.

"हे इथून केव्हापासून बघतायत?"

"पाय मोडल्यापासून," मुलगा म्हणाला.

"पायाला सवलत नाही. एक रिसीव्हर, एक खोली."

"मग दुसरा रिसीव्हर द्या."

"एका कुटुंबाला एकच. वडील तुमच्याच कुटुंबातले का?"

"म्हणजे काय? वडील आहेत माझे."

"तिथंच तर घोडं अडतंय," निरीक्षक हळहळले.

ते सज्जन होते, त्यामुळे त्यांनी मार्गही सांगितला. कार्यालयाच्या व्याख्येप्रमाणे कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. रक्ताचे नाते व्याख्येत घेतलेले नाही, कारण ते तपासायला कार्यालयाकडे यंत्र नाही. चूल डोळ्यांना दिसते. नानांची चूल वेगळी झाली की नाना वेगळे कुटुंब, आणि वेगळ्या कुटुंबाला वेगळा रिसीव्हर.

"आजवर मुलांना वेगळी चूल मांडताना पाहिलं होतं," नाना पडल्या पडल्या म्हणाले. "आता बापानं मांडायची. मांडू. रविवारच्या आत होतंय ना?"

गुरुवारी नानांच्या पलंगाजवळ विजेची शेगडी आली. तिच्यावर झालेला चहा निरीक्षकांनी दोन घोट घेऊन तपासला आणि विभक्तपणा मान्य केला. मग त्यांचे लक्ष मधल्या दाराकडे गेले. दोन कुटुंबांमध्ये उघडे दार असणे बरे दिसत नाही. दार लावून घेण्यात आले आणि त्याला भांड्यांचे कपाट टेकवण्यात आले. नानांच्या खोलीचे दुसरे दार मागच्या बोळात उघडत होते, म्हणून त्यांना आपोआप स्वतंत्र पत्ताही मिळाला.

"आणि त्यांचं जेवण?" सूनबाईंनी विचारले.

"तुमच्या चुलीवरचं ताट तिकडे गेलं की कुटुंब पुन्हा एक झालं."

"अहो, त्यांना उभं राहता येत नाही."

निरीक्षकांनी बराच विचार केला. "शेजारधर्म म्हणून वाटी चालेल. ताट नको."

तेव्हापासून सूनबाई दोन्ही वेळा बोळातून वळसा घालून जातात आणि खिडकीतून एकेक करून पाच वाट्या देतात. नाना प्रत्येक वाटीला "कशाला उगाच त्रास घेतलात शेजारीणबाई," म्हणतात.

शनिवारी नवा रिसीव्हर लागला. नानांनी रिमोट हातात घेतला तेव्हा सेवेतली शिट्टी परत मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता, असे सूनबाई सांगतात. काठी पलंगाखाली गेली.

रविवारी सामना दोन्ही कुटुंबांत वेळेवर सुरू झाला. उत्तरार्धात एक खेळाडू कोलमडला आणि मुलगा सवयीने ओरडला, "नाना, फाउल का हो?" उत्तर आले असावे. कपाटातली भांडी थोडी वाजली. मुलगा चप्पल घालून बोळाकडे धावला. बोळाच्या तोंडाशी निरीक्षक अचानक तपासणीसाठी उभे होते.

"कुठे?"

"नानांकडे. सामना बघायला."

"तुमच्याकडे दिसत नाही का?"

"दिसतो की."

"मग? दोन कुटुंबं एका टीव्हीसमोर बसली की एक कुटुंब होतं. रिसीव्हर आत्ताच काढून न्यावा लागेल. बघा बुवा, नानांचा सामना अर्ध्यावर राहील."

मुलगा परत फिरला. उरलेला सामना त्याने बघितला. फाउल होता की नव्हता, हे त्याला अजून माहीत नाही.

सामना संपल्यावर भिंतीवर एकदा ठोकल्याचा आवाज आला. मुलाने मुकाट्याने आपल्या टीव्हीवरचे चॅनेल बदलले. थोड्या वेळाने दोनदा ठोकले गेले. त्याने आवाज वाढवला. मग तीनदा. मुलाने ग्राहक कक्षाला फोन केला.

"नाना भिंतीवर ठोकतायत."

"त्यांचा रिमोट चालतोय?"

"चालतोय."

"चित्र?"

"स्वच्छ आहे."

"मग तक्रार काय आहे तुमची?"

"ठोकतायत," मुलगा पुन्हा म्हणाला. तेव्हा कक्षातल्या बाईंनीच अडचण सोडवली आणि तक्रार 'शेजाऱ्यांचा उपद्रव' या सदरात नानांविरुद्ध नोंदवून घेतली. चौकशी चालू आहे. ती पूर्ण होईपर्यंत कपाट हलवता येणार नाही.

खोलीगणिक वेगळा रिसीव्हर असलेल्या घरांतून ठोकण्याची एकही तक्रार आलेली नाही, असे कार्यालयाने अभिमानाने कळवले आहे. अशा घरांतील वाचकांनी टीव्हीचा आवाज जरा कमी करून भिंतीकडे कान द्यावा आणि काय ऐकू येते ते सांगावे, अशी विनंती मुलाने केली आहे. हा मजकूर छापायला जाईपर्यंत एकाही घरातून उत्तर आलेले नाही.