एका दिवसापुरतं शहाणं काळीज

माझ्या काळजाचा मला पहिल्यापासून फार अभिमान! आणि का नसावा? मी गाडी चालवायला शिकवतो. म्हणजे ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हे ज्याच्या पायाला अजून कळलेलं नाही, अशा माणसाच्या शेजारी भर रस्त्यात बसतो. समोरून ट्रक येत असतो, शेजारचा विद्यार्थी डोळे घट्ट मिटून "मास्तर, आता काय करू?" असं विचारत असतो, आणि मी शांतपणे सांगतो, "आधी डोळे उघडा." माझ्या पायाखाली शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक असतो खरा, पण तो वेळेवर दाबायलाही काळीज लागतं. आमच्या क्लासात सगळे म्हणतात, मास्तरांचं काळीज लोखंडाचं!

तर हे लोखंड एका दुपारी वाजायला लागलं.

सुट्टी होती. जेवून आडवा झालो, कुशीवर वळलो, कान उशीला लावला, तर धप्, धप्, धप्! वरच्या मजल्यावरचे आजोबा काहीतरी ठोकतायत, दुसरं काय? तावातावाने जिना चढून गेलो आणि बेल दाबून धरली. डोळे चोळत आजोबांनी दार उघडलं.

"दुपारचं माणसाला झोपू द्याल की नाही?" मी ओरडलो.

"मी झोपलोच होतो की!" आजोबा म्हणाले.

"मग ठोकतंय कोण?"

आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की आवाज माझ्याबरोबर जिना चढून वर आला आहे. उलट आता तो वाढलाय! मी छातीवर हात ठेवला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "आजोबा, तुम्हाला ऐकू येतंय का हे?"

"मला तुमचं ओरडणं तेवढं ऐकू येतंय," आजोबा म्हणाले. "कानातलं मशीन काढून ठेवलंय."

खाली येऊन मी तेच केलं जे हल्ली सगळेच करतात. मोबाईलवर शोधलं. छातीत धडधड कशाने होते? सुरुवातीला लिहिलं होतं, चहा जास्त झाला की होते. आता माणूस चहावर थांबतो का? मी थेट शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. वाचता वाचता प्रत्येक आजार मला होत गेला. त्यातला एक फक्त बाळंतिणींना होतो असं पुढे लिहिलं होतं, पण ते कळेपर्यंत तोही मला झालेला होता!

त्या दिवसापासून माझा हात माझ्या मनगटावरून हलेना. जेवताना नाडी, आंघोळीत नाडी, सिग्नलला नाडी. एकदा तर शेजारच्या विद्यार्थिनीला वाटलं, मास्तर घड्याळ बघतायत, म्हणजे उशीर होतोय. तिने बिचारीने गाडी अशी पळवली, की चौकातला हवालदार शिट्टी वाजवायची विसरून बाजूला झाला. आणि गंमत बघा, तेव्हा मला काही झालं नाही. घरी येऊन सोफ्यावर टेकलो, की सुरू!

शेवटी बायको म्हणाली, "अहो, त्या मनगटाला आता घट्टे पडतील. चला डॉक्टरांकडे."

डॉक्टर बाई होत्या, शांत आणि स्वच्छ बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, म्हणाल्या, "आत्ता तर सगळं ठीक दिसतंय. पण एक पूर्ण दिवस मशीन लावून बघू." मग एका माणसाने माझ्या छातीवरचे केस जिथे जिथे काढले, तिथे तिथे वायरी चिकटवल्या आणि एक छोटी डबी गळ्यात अडकवली.

"रोज जे करता तेच करायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कामावर जा, चिडा, हसा. मशीन सगळं टिपून घेईल."

"आणि काही निघालं तर?"

"काय निघतंय त्यावर आहे. कदाचित गाडीत बसणं बंद करावं लागेल."

झालं! पायाखालची जमीनच सरकली. गाडीत बसणं बंद म्हणजे मी करायचं काय? मला दुसरं येतंय काय? मरणाची भीती होतीच, नाही असं नाही. पण खिडकीत बसून दुसऱ्यांनी चुकीच्या गिअरमध्ये चढवलेल्या गाड्या नुसत्या बघत राहायचं, याची मला जास्त भीती वाटली. खरंच वाटली.

मग मी बेत केला. माझे कितीतरी विद्यार्थी परीक्षेच्या दिवशी गाडी अशी सुरेख चालवतात, की साहेब खूश! दुसऱ्या दिवशी हेच महाशय फुटपाथवर. पण लायसन्स मिळालं ना? मग झालं तर! काळजाचीही ही परीक्षाच. एक दिवस, फक्त एक दिवस ते शहाण्यासारखं चाललं पाहिजे. दुसऱ्या दिवशी हवं तेवढं नाचू दे.

मी रजा टाकली, डबी सांभाळत सोफ्यावर आडवा झालो आणि जाहीर केलं, "आज मला कोणी काही सांगायचं नाही, विचारायचं नाही, आणि माझ्याशी वाद घालायचा नाही."

"अहो, पण डॉक्टर म्हणाल्या रोजच्यासारखं..." बायको म्हणाली.

"हा वाद झाला!"

बायको गप्प बसली. इथेच मला संशय यायला हवा होता. इतक्या वर्षांत ती एका वाक्यात गप्प बसलेली मी बघितलेली नाही.

थोड्या वेळाने माझा ओला टॉवेल पलंगावरून कोणीतरी उचलला. मी कान टवकारून वाट बघितली. शब्द नाही! मी मुद्दाम चहाचा कप बशीशिवाय नव्या टेबलक्लॉथवर ठेवला. गोल डाग पडला. बायकोने बघितलं आणि हळूच म्हणाली, "असू दे."

असू दे? आमच्या घरात? धप्!

मग आई आली. माझ्या केसांतून हात फिरवला आणि हातात टीव्हीचा रिमोट दिला. "तुला हवं ते लाव, बाळा." आणि तिची मालिका सुरू व्हायची वेळ झाली होती! घरात पाणी शिरलं होतं तेव्हाही आईने स्टुलावर पाय घेऊन मालिका पूर्ण बघितली होती. आज तीच आई मला रिमोट देते, वर बाळा म्हणते? धप्, धप्!

तेवढ्यात क्लासच्या मालकांचा फोन आला. तो बायकोने उचलला. "हो, आहेत अजून," ती हळू आवाजात म्हणाली आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. मी छताकडे बघत पडून राहिलो. घरात एवढी शांतता मी फक्त कोणी गेल्यावर बघितली आहे.

दुपार उलटून गेली. पाणी प्यायला म्हणून मी डबी धरून स्वयंपाकघराकडे गेलो, तर आतून कुजबूज.

"अगं, सांगून टाक त्याला," आई म्हणत होती. "असं किती दिवस लपवणार?"

"आज नको, आई," बायको म्हणाली. "छातीवर ती डबी आहे. आज कळलं तर झालंच मग!"

"बिचारा! त्याला काही कल्पनाच नाही."

"काल निकाल कळला तेव्हा माझेच हात कापत होते हो. यांचं काय होईल?"

मी भिंतीला धरून सोफ्यापर्यंत कसा आलो ते मला माहीत नाही. सगळा उलगडा झाला. डॉक्टरबाईंना पहिल्या तपासणीतच कळलं होतं. त्यांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ही डबी नुसती माझी समजूत घालायला! तरीच ते "असू दे", तरीच तो रिमोट. छातीत आता नुसतं धप् धप् नव्हतं, आख्खी वरात चालली होती.

म्हटलं, जायचं तर नीट निरवानिरव करून जावं. बायकोला हाक मारली. ती धावत आली.

"हे बघ," मी म्हणालो, "गॅसचा नंबर कसा लावायचा, ते एकदा नीट समजून घे."

"तो मीच लावते ना."

"बरं. विजेचं बिल..."

"तेही मीच भरते."

"टाकीचा पंप?"

"आई लावतात." बायकोने माझ्या कपाळाला हात लावला. "अहो, काय होतंय तुम्हाला?"

माझ्याशिवाय या घराचं काहीच अडणार नाही, हे मरताना कळावं, यासारखं दुःख नाही. माझे डोळे भरून आले. "लपवू नकोस," मी म्हणालो. "मला सगळं कळलंय."

बायकोचा चेहरा पांढराफटक. "कळलं? कोणी सांगितलं?"

"तुमचं बोलणं ऐकलं मी."

"अहो, मी सांगणारच होते! रागावू नका हं."

"तुझ्यावर कशाला रागावू? तुझा काय दोष? ज्याच्या त्याच्या नशिबात असतं ते."

"नशीब कसलं? मेहनत घेतली मी त्यासाठी!" ती म्हणाली. "आणि एवढं काय मनाला लावून घ्यायचं त्यात? लोक पेढे वाटतात!"

पेढे? मी जाणार म्हणून? डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगाला दरदरून घाम फुटला आणि मी सोफ्यावर कोलमडलो. आईने हंबरडा फोडला. बायकोने रुग्णवाहिकेला फोन लावला, तर तिकडून सांगितलं, गाडी यायला वेळ लागेल. क्लासची गाडी खालीच उभी होती. मी म्हणालो, "मी चालवतो," आणि किल्ली माझ्या हातातून तीनदा खाली पडली. बायकोने ती उचलली.

"बसा," ती म्हणाली.

सवयीने मी माझ्या जागेवर बसलो. बायको स्टिअरिंगमागे! मागे आई.

"अगं, तू काय..."

तिने पट्टा लावला. आरसा नीट केला. गाडी सुरू केली, सिग्नल दिला, मागे वळून बघितलं आणि गाडी अशी अलगद रस्त्यावर आणली, की दारातलं झोपलेलं मांजरसुद्धा उठलं नाही.

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. कोपऱ्यावरचं आंधळं वळण आलं. "दुसरा गिअर," मी ओरडलो.

"टाकलाय," ती म्हणाली.

"हॉर्न!"

वाजवून झाला होता. पुढे एक सायकलवाला मध्येच वळला. मी ब्रेक दाबणार, तोच गाडी हळू झालेली! माझा पाय तसाच अधांतरी. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी गिअर बघत होतो, आरसा बघत होतो, तिचे हात बघत होतो. दवाखान्याच्या आवारात तिने दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एका दमात रिव्हर्स लावली. मी खाली उतरलो आणि दोन्ही बाजूंची जागा वितीने मोजली. अगदी सारखी!

"अरे, छातीत दुखतंय ना तुझ्या?" आई ओरडली.

"कुणाच्या?" मी विचारलं.

तरी तिने मला ओढत आत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, काही नाही, घाबरलेत, म्हणाले आणि परत पाठवलं. गाडीपाशी आल्यावर मी बायकोला विचारलं, "हेच लपवत होतात तुम्ही दोघी?"

"काल परीक्षा पास झाले," ती म्हणाली. "पहिल्याच वेळेला."

म्हणजे मी मरत नव्हतो! मला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदम आलं. "मग माझ्याकडे का नाही शिकलीस?"

"तुम्ही ओरडता."

"मी? विचार कोणालाही, मी विद्यार्थ्यांवर कधी ओरडत नाही!"

"विद्यार्थ्यांवर नाही," ती म्हणाली.

"मग शिकवलं कोणी?" मी विचारलं. तिने थोडी टाळाटाळ केली आणि मग सांगितलं. त्यानंतर आम्ही घरी आलो. वाटेत मी एकदाही गिअर बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी डबी परत दिली आणि मग रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं डॉक्टरबाईंसमोर बसलो.

"काळजीचं काही नाही," त्या म्हणाल्या. "मधूनच एखादा ठोका जास्त पडतो, तो पुष्कळांचा पडतो. खुशाल कामावर जा."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं! मी बायकोचा हात घट्ट धरला, तिनेही माझा धरला.

"पण हे जरा विचित्र आहे," डॉक्टरबाई कागदावर बोट ठेवून म्हणाल्या. "दिवसभर तुम्ही सोफ्यावर पडून होतात ना? तेव्हा नुसती धावपळ दिसतेय. आणि संध्याकाळी इथे एकदम संथ. झोपला होतात का?"

"नाही," मी म्हणालो. "बायको गाडी चालवत होती."

"मग घरात आराम कमी करा," त्या म्हणाल्या. "आणि हा बघा, सगळ्यात मोठा धडाका! याच्यापुढे दिवसभरातली धावपळ काहीच नाही. तेव्हा काय झालं होतं?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"तेव्हा मी यांना माझ्या मास्तरांचं नाव सांगितलं," बायको म्हणाली. "यांचाच विद्यार्थी हो. यांच्याकडून शिकून सारखा नापास व्हायचा. मग वैतागून दुसरीकडे शिकला आणि आता यांच्याच समोर क्लास काढलाय त्याने."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "मलाही कधीची शिकायचीय," त्या म्हणाल्या. "चांगलं शिकवतो का हो?"

त्यांनी मला विचारलं होतं. बायकोही माझ्याकडे बघत होती. आता तुम्हीच सांगा, दोन्ही बाजूंची जागा मी स्वतः वितीने मोजलेली, खोटं तरी कसं बोलणार?

"बरा शिकवतो," मी म्हणालो.