बैठकीतली सव्वीस हृदयं

आठ फेब्रुवारी, शनिवार. काम : बैठकीच्या भिंतीवरची सव्वीस हृदयं खाली उतरवणे. दुसऱ्या दिवशी अकोटचे पाहुणे माझ्या मुलीला, रेवाला, बघायला अमरावतीला येणार होते.

हृदयं माझ्या दिराची, विनायकभाऊजींची. म्हणजे त्यांनी रंगवलेली. मेडिकल कॉलेजात चित्रकाराची नोकरी केली. विद्यार्थ्यांसाठी रोगट हृदयं काढली, जलरंगात. आता कॉलेजात सगळं पडद्यावर दाखवतात, तरी हे घरी बसून काढतातच. निवृत्त माणूस संत्र्याची बाग बघतो. आमच्याकडे चरबी साचलेली रक्तवाहिनी वाळत पडते, जेवणाच्या टेबलावर, माझ्या मेथीशेजारी.

वर तोरा केवढा! लाल रंगाला हात लावत नाहीत. "लाल हृदय सिनेमात असते, वहिनी. खरं हृदय चिकूच्या रंगाचं." मी वांगं चिरायला घेतलं की हातातून काढून खिडकीशी नेणार. "पाहा! झटका येऊन गेलेला भाग डिट्टो असा दिसते." मग ते भरीत कोणी खावं?

चुकीची तर भयंकर चीड. एकदा बीपी दाखवायला गेले आणि दवाखान्यातला तक्ता पाहून डॉक्टरांवरच उखडले, "ही शीर इकडून काहून वळवली?" बीपी न मोजताच घरी परतले.

मी स्टुलावर चढले तसे धावत आले.

"उतरवता काहून? पाहुणे भेतात का हृदयाले?"

"त्यांना वाटेल घराण्यातच रोग आहे."

त्यांनी स्वतःच पहिलं चित्र खाली घेतलं. पुष्पा आठवली असणार, मलाही आठवली. माझी नणंद, भाऊजींची धाकटी बहीण. तिच्या हृदयाची झडप आकसली होती. त्यापायी दोनदा लग्न ठरता ठरता मोडलं, आणि तिशीच्या आत ती गेली.

चित्रं पुसून पलंगाखाली ठेवायला थप्पी लावताना कोपऱ्यातल्या तारखा दिसल्या. सव्वीसपैकी अकरा एकाच झडपेची, दोन-तीन वर्षांनी एक. कडेची गाठसुद्धा तीच. सगळ्यात जुन्या चित्रात फट ब्लेडनं मारलेल्या रेघेएवढी. पुढच्यात जरा रुंद. शेवटच्यात करंगळी जाईल एवढी.

बरे सापडले चुकीत, असं वाटलं मला.

"भाऊजी, ही झडप चुकली तुमची. फट मोठी होत चाललीय."

ते ब्रश धूत होते. मान वर केली नाही.

"चुकली नाही. पुष्पाची आहे. उघडून राहिलो, हळूहळू. एकदम उघडली तर खोटी वाटते."

मी म्हटलं, "पाणी सांडू नका टेबलावर," आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

सकाळी रेवाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लाव." पोह्यांचे कांदे चिरायच्या आधी मी ती अकरा चित्रं तारखेप्रमाणे सोफ्यासमोर टांगली. बाकीची पलंगाखालीच राहू दिली.

पाहुणे आल्यावर मुलाची आई बराच वेळ भिंतीकडे बघत होती. भाऊजी दारातच उभे.

"हे कोनाचं व्हय, बाई?" तिनं विचारलं.

"माझ्या नणंदेचं," मी म्हटलं, आणि पुढचं सांगायला खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.