अंधार दाखवा

मेश्राम काकांना कोणत्याही जुन्या सिनेमाबद्दल विचारा, ते पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात काय होतं ते सांगतात. हिरोची आई मरते तेव्हा तिथे पंखा होता. लग्नाच्या गाण्यात आंब्याची फांदी होती आणि तिच्यावर बहुतेक कावळा. हिरॉईन कोण होती हे मात्र त्यांना आठवत नाही.

"ते मधात राहे ना," ते म्हणतात. "मधात पाहाले मले टाइम कुठी होता?"

काका सत्तावीस वर्षं एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हा एक सिनेमा बऱ्याच रिळांमध्ये यायचा आणि केबिनमध्ये दोन मशिनी असायच्या. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा. तो दिसला की दुसरी मशीन सुरू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका यायचा, तेव्हा पहिलीचा उजेड बंद आणि दुसरीचा चालू. लोकांना काही कळायचं नाही. ठिपका हुकला तर पडदा पांढरा पडायचा आणि मग सगळ्यांना कळायचं. त्या भीतीने काकांची मान जी उजवीकडे वर वळली, ती अजून थोडी तशीच आहे. माझ्याशी बोलतानाही ते माझ्या कानाच्या वर कुठेतरी बघतात.

मी महाल भागात त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहतो. खाली काका एकटेच असतात. माझे बाबा बुटीबोरीला सुताच्या कारखान्यात आहेत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी बीसीए करतो, म्हणजे कॉम्प्युटरचंच शिक्षण आहे, पण इंजिनिअरिंग नाही. हे मी काकांना दोनदा सांगितलं. तरी ते मला इंजिनेर म्हणतात. तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते थोडं आवडायलाही लागलं होतं.

एका सकाळी ते जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे ते सहसा चढत नाहीत.

"इंजिनेर, एक मॉनिटर घ्याचा हाय. सिनेमा पाह्याले. तुहा लॅपटॉप त्याले जोडता येते ना?"

"येतो काका. पण सिनेमाच बघायचा तर टीव्ही का नाही घेत?"

"टीव्ही पावडर लावते," काका म्हणाले. "सगळ्यांचे गाल गुलाबी. मले धुतलेलं तोंड पाह्यजे." मग जरा थांबून म्हणाले, "हमीद चालला सुरतेले. पोराकडे. कायमचा."

हमीदभाई म्हणजे दुसऱ्या मशीनवरचे ऑपरेटर. सत्तावीस वर्षं दोघं एकाच केबिनमध्ये, दोन मशिनींमागे उभे राहिले. हजारो खेळ चालवले, पण शेजारी बसून एकही सिनेमा पूर्ण बघितला नाही. टॉकीज बंद पडल्यावर हमीदभाई शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि भेटी कमी होत होत थांबल्या. आता ते पुढच्या सोमवारी जाणार होते. रविवारी दुपारी काकांकडे येणार होते. दोघांनी मिळून चालवलेला पहिला सिनेमा कुणीतरी साफसूफ करून एचडीमध्ये आणला होता. तो दोन खुर्च्या टाकून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचा, असं काकांनी ठरवलं होतं.

"एकच भेव हाय," काका म्हणाले. "हमीदची नजर लय खराब."

"म्हणजे दिसत नाही त्यांना?"

"अबे, खराब म्हणजे कडक. फोकस केसभर हालला ना, तं तो काही बोले नाही. उठून बाहेर जाऊन उभा राहे. मॅनेजर बोलावाले गेला तरी येत नोता. रविवारी तो असा उठून गेला, तं मंग सुरतेहून थोडी येते तो?"

मी आयुष्यात मॉनिटर विकत घेतला नव्हता. कॉलेजच्या लॅबमध्ये जे होते तेच मी पाहिले होते, आणि त्यातल्या निम्म्यांवर सगळं पिवळं दिसायचं.

मी जमेल तेवढं वाचलं. वहीत दोन पानं लिहून काढली. आम्ही सीताबर्डीला दुकानं फिरायला निघालो तेव्हा काकांच्या हातात कापडी पिशवी होती. मला वाटलं पाण्याची बाटली असेल.

पहिल्या दुकानात सेल्समनने सगळे मॉनिटर सुरू केले. सगळ्यांवर एकच चित्रफीत चालू होती, हिरवागार पोपट पंख झटकत होता.

"हा पोपट काहून दाखवून राह्यले?" काकांनी विचारलं. "पोपट कोणत्याही डब्यात हिरवाच दिसते. अंधार दाखवा."

"जी?"

"अंधार. काळं. काहीच नाही असं दाखवा."

सेल्समनने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. काकांनी पिशवीतून काळी चादर काढली, मॉनिटरवर टाकली आणि स्वतः तिच्यात डोकं घातलं. आतून आवाज आला, "इंजिनेर, काळा फोटो लाव."

मी फोनमध्ये पूर्ण काळं चित्र करून ठेवलं होतं. ते लावलं. दुकानातली माणसं गोळा झाली. एक बाई आपल्या मुलीला म्हणाली, "त्यांना बरं नाही, वाटते."

काका चादरीतून बाहेर आले. "वरच्या उजव्या कोपऱ्यातून उजेड गळून राह्यला. काढा हा."

"चाचाजी, हे कंपनीचं टॉप मॉडेल आहे."

"टॉपच गळून राह्यलं."

काकांचं बरोबर होतं, हे मला वहीमुळे माहीत होतं. काही पडद्यांच्या कडांमधून मागचा उजेड झिरपतो आणि अंधारातला प्रसंग राखेसारखा दिसतो. पण हे सेल्समनला सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्याने दोनदा "काय?" विचारलं. चौथ्या दुकानात तर मालकानेच आम्हाला दारात ओळखलं. "अंधारवाले आले," तो आतल्या पोराला म्हणाला. "लाइट बंद कर, नाहीतर चादर काढतात."

शुक्रवारपर्यंत असंच चाललं. शेवटी पाचव्या दुकानात दोन मॉनिटर उरले, दोन्ही सत्तावीस इंची. एकाचे रंग सुंदर होते, पण कोपऱ्यात धुरकट उजेड होता. दुसऱ्याचा काळा रंग विहिरीसारखा खोल होता, पण बाजूला सरकून पाहिलं की चित्र थोडं फिकं व्हायचं. आणि रविवारी खुर्च्या दोन होत्या.

"सांग, इंजिनेर," काका म्हणाले.

"काका, तुम्हीच ठरवा ना. नजर तुमची आहे."

"माही नजर एका कोपऱ्याची. पुरा पडदा मी कधी पाह्यलाच नाही. तू शिकला हायेस, तू सांग."

दुकानदार म्हणाला, "डबा उघडला की परत घेत नाही. विचार करून सांगा."

मी मनातल्या मनात काकांच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. त्या अगदी चिकटून ठेवल्या आणि पडद्यापासून थोड्या मागे घेतल्या, तर दोघांनाही जवळजवळ समोरूनच दिसेल असं वाटलं. मी खोल काळ्यावर बोट ठेवलं. काकांनी पुन्हा विचारलंही नाही. डबा मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले आणि घरापर्यंत खड्डा आला की दोन्ही हातांनी तो उचलून धरत राहिले.

शनिवारी मी खुर्च्यांच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या. रंग, उजेड, सगळं तीनदा लावलं. काकांनी खिडकीवर दोन गोधड्या ठोकल्या आणि दाराच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलं. ते दर थोड्या वेळाने विचारायचे, "तो उठणार तं नाही ना गा?" आणि मी म्हणायचो, "नाही काका." मला तरी काय माहीत होतं.

रविवारी दुपारी हमीदभाई आले. रिक्षातून उतरून ते भिंतीला हात लावत दारापर्यंत आले. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी, कडक इस्त्री. मला वाटलं वय झालंय.

"मेश्राम," ते म्हणाले, "तेरी गली अभी भी उतनी ही गंदी है क्या बे?"

"तू आला ना, आता अजून झाली."

दोघं हसले. काकांनी त्यांना खडूच्या खुणेवरच्या खुर्चीत बसवलं, कपात चहा दिला. हमीदभाईंनी कप धरायला हात पुढे केला, तो कपाच्या चार बोटं बाजूला गेला. मग सरकत कपावर आला. काकांनी मला खूण केली. मी लॅपटॉपचं बटण दाबलं.

लॅपटॉपमधून सिनेमाचं संगीत सुरू झालं, पण मॉनिटरवर चित्र आलं नाही.

पडदा काळा होता. त्यावर एका चौकटीत "सिग्नल नाही" अशी पाटी हळूहळू इकडून तिकडे फिरत होती. तीन दिवसांत हे एकदाही झालं नव्हतं. मी टेबलाखाली घुसलो आणि वायर चाचपू लागलो. हमीदभाई आता उठणार, एवढंच डोक्यात होतं.

वरून त्यांचा आवाज आला.

"वाह, मेश्राम. क्या साफ पिक्चर है. एकदम शीशा."

मी टेबलाखालीच थांबलो. वायर हातात तशीच राहिली. मला काकांचे फक्त पाय दिसत होते. ते हलले नाहीत. पाटी वर फिरत असणार. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, आणि हमीदभाईंना ती शांतता कळली असावी, कारण त्यांनी पुन्हा म्हटलं, "सच में. बहुत साफ." ह्या वेळी आवाज खाली गेला होता.

"तू बी ना हमीद," काका म्हणाले. "माहं मन राखाले बोलून राह्यला. मले तं काहीच दिसून नाही राह्यलं."

"तेरे को भी नहीं?"

"काय दिसते? सगळं काळंठिक्कर. ह्या पोट्ट्यानं देल्ला घेऊन. कॉलेजात काय शिकवते याईले, काय माहीत."

तेवढ्यात वायर बसली. मी बाहेर आलो तेव्हा पडद्यावर चित्र होतं. कंदिलाच्या उजेडात एक म्हातारी बसलेली, तिच्या कपाळावरची प्रत्येक सुरकुती वेगळी, आणि तिच्यामागचा अंधार इतका खरा की हात घातला तर आत जाईल. कुठेही उजेड गळत नव्हता. मी इतकं चांगलं चित्र कधी पाहिलं नव्हतं. माझं तोंड उघडलंही होतं, "काका, आलं बघा" म्हणायला.

काका माझ्याकडे बघत होते. कानाच्या वर नाही. सरळ माझ्या डोळ्यांत.

"बोल ना," ते म्हणाले. "खराबच घेतला ना?"

"हो काका," मी म्हणालो. "माझंच चुकलं."

हमीदभाईंनी मोठा श्वास सोडला आणि आल्यापासून पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकवली. "मैं भी वही सोच रहा था," ते म्हणाले. "बोला नहीं, तेरा दिल दुखेगा. मेरे को लगा मेरी ही आँख में कुछ है."

"तुह्या डोळ्याले काय होते? मॉनिटरच भिकार हाय."

"आवाज तो अच्छा है लेकिन."

"आवाज हाय. मंग आवाजच आयकू."

काका उठले. मॉनिटरच्या खालचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. म्हातारी, कंदील, सगळं गेलं. मी लॅपटॉप भिंतीकडे तोंड करून ठेवला. दोघं म्हातारे बंद पडद्यासमोर शेजारी शेजारी बसले आणि अख्खा सिनेमा ऐकला. संवादांच्या आधी हमीदभाई संवाद म्हणायचे. काका म्हणायचे, "इथे बाल्कनीवाले हसत." "बाल्कनीवाले नहीं, नीचेवाले," हमीदभाई म्हणायचे, आणि त्यावर पाच मिनिटं भांडण व्हायचं. काकांनी एकदाही वाकून लॅपटॉपकडे पाहिलं नाही. मला पाहावंसं वाटत होतं, पण मीही पाहिलं नाही.

सिनेमा संपला तेव्हा हमीदभाई उठले. काकांचा हात धरून दाराशी आले आणि तिथे थांबून माझा आवाज होता त्या बाजूला वळले.

"बेटा, बुरा मत मानना. अगली बार दुकान में किसी जानकार को साथ ले जाना."

"जी चाचा," मी म्हणालो.

काकांनी दार उघडलं. बाहेर पाच वाजताचं मऊ ऊन होतं.

"ऊन पाह्य कसं डोळ्यात घुसून राह्यलं," काका म्हणाले. "मले समोरचं काही दिसत नाही. हात दे, हमीद. ह्या पायऱ्या बी बेकार हायेत. तीन हायेत, तिसरी उंच, मीच रोज अडखळतो."

हमीदभाईंनी हात दिला. दोघं एकेक पायरी उतरले.

"अन् ही नालीवरची फरशी," गल्लीतून काकांचा आवाज येत होता, "ही लय हालते. जरा पाय उचलून टाक. कोणी बसवली काय माहीत, कशाचंच काम धड करत नाही ही माणसं."

ती फरशी पक्की आहे. मी रोज तिच्यावरून सायकल नेतो.