ए धरला, डब्ल्यू दाबला

कीबोर्डाच्या बाबतीत अख्ख्या येळ्ळुरात आपल्या तोडीचा माणूस न्हाय, हे मी सौम्याला लग्न झाल्यापासून सांगत आलोय. ती "बरं" म्हणते आणि भाजी निवडत बसते.

माझा मेकॅनिकल कीबोर्ड मी स्वतः जोडलाय. त्याच्या पोटातला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, ओपन सोर्स. कुणीही उघडावा, पाहिजे तसा बदलावा. आणि मला तर बदलल्याशिवाय चैनच पडत न्हाय. परवा मी 'ए'च्या कळीला दोन कामं लावली: टिचकी मारली की अक्षर, बोट जरा रेंगाळलं की कंट्रोलची कळ. जुना साधा कीबोर्ड संकेश्वरच्या मेव्हण्याला देऊन मोकळा झालो.

आणि आज सौम्याची ऑनलाईन मुलाखत. पुण्याची कंपनी, घरबसल्या काम, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं. बाळंतपणात सुटलेली नोकरी तिला परत हवी होती, अगदी मनापासून.

मी दाराआड येरझाऱ्या घालत होतो.

"स्वतःबद्दल चॅटमध्ये इंग्रजीत थोडं लिहा," मुलाखत घेणाऱ्या कर्णिकबाई म्हणाल्या.

सौम्या कळा दाबते ती भाकरी थापल्यासारखी, सावकाश दाबून. कॉलेजात मिळालेल्या 'अवॉर्ड'चं लिहायला घेतलं आणि कर्णिकबाई नाहीशा. स्क्रीनवरची खिडकीच बंद.

"नेट गेलं काय ओ?"

"नेटच असणार," मी म्हणालो.

"लाईट गेली काय रं?" बाहेरून माझे वडील, आप्पा, ओरडले.

सौम्या परत जोडली गेली, माफी मागितली. येळ्ळूर बेळगावपासून लांब न्हाय हे सांगायला 'अवे' लिहिलं, आणि खिडकी पुन्हा बंद.

मी दाराआडच दोन्ही स्पेलिंगं जुळवून बघितली. दोन्ही शब्दांत ए, पाठोपाठ डब्ल्यू. ए वर बोट रेंगाळलं की कंट्रोल, आणि कंट्रोलबरोबर डब्ल्यू म्हणजे खिडकी बंद. दुरुस्त करायचं तर त्याच कॉम्प्युटरवर, आणि तिथं ती बसलेली. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून मी रांगत टेबलाखाली शिरलो.

"ए वर बोट ठेवू नको."

"मग नाव कसं लिहू? सौम्यात ए हाय." एवढं बोलून ती परत जोडली गेली.

"खालून खुडबुड ऐकू येतेय. टेबलाखाली कुणी आहे का?" कर्णिकबाईंनी विचारलं.

"मिस्टर आहेत," सौम्या शांतपणे म्हणाली. "मॅडम, नेट चांगलं आहे, दोष कीबोर्डात आहे. ए सोडायच्या आत डब्ल्यू दाबला की खिडकी बंद होऊन मी जाते. हळू लिहिलं तरच. बघा." आणि गेली. परत आली. "आता भराभर लिहिते." राहिली.

कर्णिकबाई हसायला लागल्या. "मुलाखतीतच चूक शोधून दाखवलीत. सोमवारपासून येता?"

सौम्यानं जोरात मान डोलावली.

मी टेबलाखालून निघालो, केस सारखे केले.

"फर्मवेअर तुम्ही बदललंत?" कर्णिकबाईंनी मला विचारलं.

आता आपल्यालाही नोकरीचं विचारतात, असं वाटून मी छाती काढली. "व्हय मॅडम, मीच."

"कंपनी सौम्यांना नवा कीबोर्ड पाठवेल. त्याच्या जवळपास फिरकायचं नाही."

मी काही बोलायच्या आत सौम्या म्हणाली, "मी कुलपात ठेवीन, मॅडम."