पाच शेरांचं पथ्य

मारोतरावांची कंबर सरळ झाली आणि तिसऱ्याच दिवशी गोजराबाईंनी गाठोडं बांधायला घेतलं. सन छत्तीसचा उन्हाळा होता. मृग पंधरा दिवसांवर आला होता.

ज्वारीचं पोतं उचलताना धरलेली ही कंबर महिनाभर सुटली नव्हती. बाजेवरून उठवायला दोन माणसं लागत. शेवटी चार कोसांवरच्या तांड्यावरून किसनसिंग हाडवैद्य आपण होऊन चालत आले, चार दिवस राहिले, एरंडीचं तेल चोळचोळून त्यांनी माणूस उभा केला आणि सुपारीचं खांडही न घेता निघून गेले. जाताना पथ्य तेवढं सांगितलं. मृगापर्यंत पाच शेरांच्या वर पाठीवर घ्यायचं नाही. घेतलं तर यंदा पेरणीला तिफणीमागं दुसरा माणूस बघावा. मारोतरावांच्या घरात दुसरा माणूस नव्हता.

"त्यायचे उपकार मानून येतो," मारोतराव म्हणाले.

"रिकाम्या हातानं जासान? लोक काय म्हनतीन?"

"वजन उचलू नका, असं त्यायनंच तं सांगतलं."

"पाच शेर म्हनलं ना? हे चारच हाये." गोजराबाईंनी गाठ मारली. दोन शेर तूप वैद्यांसाठी, आणि वाटेत नणंदेचं गाव लागतं म्हणून गडूभर तुरीची डाळ तिच्यासाठी.

बैलगाडी लोहाराकडे चाकांना लोखंडी धाव बसवायला गेली होती. मारोतराव पहाटेच पायी निघाले. चार शेर पहिल्या कोसाला चारच असतात. दुसऱ्या कोसाला ते सहा होतात, आणि त्याला कुठल्याच तराजूचा इलाज नाही. म्हणून बहिणीचं दार दिसताच त्यांना फार बरं वाटलं.

सोजरबाईंनी डाळ ओतून घेतली, गडू घासला आणि काकवीनं काठोकाठ भरला. वर एक गुळाची भेलीही फडक्यात बांधून दिली.

"सोजर, मले वजन मना हाये."

"मंग भावाच्या घरचं भांडं रिकामं धाडू काय, दादा? तुमी लोकायचे उपकार मानाले चालले, अन् मी गडू उपडा देऊ?"

मारोतरावांनी दोन्ही उचललं. पुढच्या गावी मारोतरावांचे जुने सोबती इंद्रभान राहत. तिथं भेली देऊन मोकळं व्हावं, असा मारोतरावांनी विचार केला. विचार चांगला होता. फक्त भेली फडक्यात होती.

"गूळ लय झाक हाये," इंद्रभान म्हणाले. "आता हे फडकं रिकामं कसं देऊ?" आणि त्या फडक्यात त्यांनी दहा शेर कांदे बांधले.

आता मारोतराव दर शंभर पावलांवर थांबू लागले. घाम डोळ्यांत जात होता आणि कंबर जुनी ओळख दाखवू लागली होती. नाल्याकाठच्या वाडीत रंगूबाई नावाच्या अनोळखी म्हातारीनं त्यांना सावलीत बसवून पाणी पाजलं. मारोतरावांना भरून आलं. त्यांनी आठ कांदे तिच्यापुढं ठेवले. म्हातारी उठली आणि वाडीतून दोन टरबुजं घेऊन आली.

"माय, नोको."

"मी तुह्यं घेतलं, तू माह्यं काहून नाई घेत?"

तिसऱ्या प्रहरी किसनसिंग लिंबाखाली दोर वळत बसले होते. जमिनीवर काही हरवल्यासारखं वाकून शोधत कोणीतरी येताना त्यांना दिसलं.

"कोन हाये?"

"मी मारोतराव. तुमचे उपकार मानाले आलो."

"मंग उभे राहून माना."

"तेच तं जमून नाई राह्यलं."

किसनसिंगांनी गाठोडं उतरवलं, एका हातानं तोललं आणि तेलाची वाटी आणायला आत गेले. मारोतराव आठ दिवस पालथे होते. त्यांनी आणलेलंच तूप धनीबाई, म्हणजे वैद्यांच्या पत्नी, त्यांना भाकरीवर वाढत. इतकी माया सख्ख्या घरीही मिळत नाही, हे मारोतरावांनी उशीत तोंड खुपसून दोनदा बोलून दाखवलं. नवव्या दिवशी ते ताठ उभे राहिले.

"आता मीच संगं येतो," किसनसिंग म्हणाले. "तुमाले वाटेत कोनी काही देल्लं तं मी पाह्यतो."

त्यांनी खरंच पाहिलं. इंद्रभानच्या दारात मारोतरावांच्या पाठीला त्यांनी काहीही लागू दिलं नाही. पण मित्राला दोनदा उभा करणारा वैद्य आपल्या दारात आलेला; इंद्रभाननी त्यांच्याच खांद्यावर अर्धं पोतं भुईमूग ठेवला. सोजरबाई तर त्यांच्या पाया पडल्या आणि पाया पडलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? किसनसिंगांनी दोन भेल्या आणि हरभऱ्याचं गाठोडं पाठीवर घेतलं. मारोतराव बाजूनं रिकामे, ताठ आणि ओशाळे होऊन चालत होते.

मारोतरावांच्या गावी, इंझोरीला पोचले तेव्हा किसनसिंगांना आपल्या पायांची बोटं अगदी जवळून दिसत होती.

मृग लागला तेव्हा मारोतराव तिफणीमागं सरळ उभे होते आणि पेरणीचे तासही सरळ पडत होते. शेताच्या धुऱ्यावरच्या आंब्याखाली बाज टाकलेली होती. तिच्यावर पालथे पडून किसनसिंग ते तास पाहत होते आणि मनातून खूश होते. दुपारी मारोतराव तेलाची वाटी घेऊन बाजेपाशी बसले. दोनदा चोळून घेतल्यामुळे कुठं दाबायचं ते त्यांना आता ठाऊक झालं होतं.

"किसनसिंग, तुमच्यामुळं हे वावर पेरलं जाऊन राह्यलं," ते म्हणाले. "तुमची तब्येत बरी नाई म्हून तांड्यावर निरोप धाडू?"

"नोको," किसनसिंग उशीतून म्हणाले. "मले पाह्याले येतीन, तं काही घेऊन येतीन."