तायडे शब्द गाळत नाहीत

डॉक्टर मनाशी जे पुटपुटतात तेसुद्धा पेशंटला अरबीत समजावून सांगणारा दुभाष्या मी आयुष्यात एकच पाहिला. भीमराव तायडे. मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या खासगी हॉस्पिटलात डॉक्टर बहुतेक आपल्याकडचे आणि पेशंट बहुतेक ओमानी, त्यामुळे मध्ये तायडे उभे असल्याशिवाय कोणाचं पान हलत नसे. मी तिथे एक्स-रे टेक्निशियन होतो.

एकदा आतल्या डोंगराळ भागातला एक आजोबा गुडघा दाखवायला आले आणि लहानपणी उंटावरून पडलो तिथपासून सांगू लागले. हाडांचे सर्जन डॉ. जोगळेकर पुण्याचे. फाइलमधून मान वर न करता ते मराठीत म्हणाले, "हा म्हातारा आज माझं डोकं खाणार." तायडेंनी शांतपणे आजोबांकडे वळून तेही अरबीत सांगून टाकलं. आजोबा जरा विचारात पडले, मग काहीतरी बोलले. तायडे म्हणाले, "ते म्हणतात, डोकं खायला मला दात उरलेले नाहीत, तुम्ही गुडघ्याचं बघा."

पेशंट गेल्यावर जोगळेकर लालबुंद. "तायडे, ते सांगायचं नव्हतं."

"खोलीत बोललात ना डॉक्टरसाहेब? मग ते त्यांचंही झालं. काय गाळायचं ते मी ठरवायला लागलो, तर त्यांच्या गुडघ्याचा मालक मीच झालो की."

जोगळेकरांनी त्यानंतर पुटपुटणं सोडलं. निदान तायडेंसमोर.

तायडे अकोल्याकडचे. कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान घेतलं होतं आणि त्या वर्गात ते एकटेच विद्यार्थी होते, त्यामुळे दांडी मारायची सोय नव्हती. अठराव्या शतकात जर्मनीकडे एक प्राध्यापक होऊन गेला. त्याने आपल्या गावाची वेस फारशी ओलांडली नाही आणि तरी सगळ्या जगात कायमची शांतता कशी आणायची ते लिहून ठेवलं. हा माणूस तायडेंच्या डोक्यात जो शिरला तो बाहेर आलाच नाही. पुढे ते ओमानात स्टोअरकीपर म्हणून आले, एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून अरबी लिहायला-वाचायला शिकले आणि शेवटी आमच्याकडे दुभाषे झाले. मी एकदा विचारलं, "तायडेसाहेब, तुम्ही बुद्धाला मानणारे, मग हा जर्मन मध्येच कुठून?" ते म्हणाले, "त्या दोघांची भेट झाली नाही, एवढंच."

मस्कतमध्येच वादी अदाई भागातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही तिघे राहायचो. तायडे, मी आणि देशपांडे नावाचे अकाउंटंट. तायडेंचं पालुपद एकच होतं, "सगळ्यांनी असं केलं तर चालेल का?" लिफ्टचं दार धरून ठेवलं की हे, कचरा जिन्यात ठेवला की हे. एकदा मला मॅच बघायची होती. मी म्हटलं, उद्या इनचार्जने विचारलं तर सावंतला ताप आहे म्हणून सांगा.

"सगळ्यांनी असं केलं तर चालेल का?"

"सगळे कुठे करतायत? मी एकटाच करतोय."

"तेच म्हणतो मी. बाकी सगळ्यांनी खरं बोलायचं, म्हणजे तुमचं एकट्याचं खोटं खपेल."

मी ड्यूटीवर गेलो. मॅच हुकली ती हुकलीच, वर तायडेंचं व्याख्यान ऐकावं लागलं.

मी बांगडे तळले की देशपांडे दोन दिवस माझ्याशी बोलत नसत. शेवटी तायडेंनी दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवला. मासे फक्त शुक्रवारी, आणि खिडकी उघडी. आम्ही हात मिळवले. तायडे आमच्याकडे निरखून बघत म्हणाले, "हात मिळवलेत खरे, पण दोघंही मनात पुढच्या भांडणाची तयारी करताय. याला शांतता म्हणत नाहीत, दम खाणं म्हणतात." त्यांचं खरं होतं. मी कोळंबीचा विचार करत होतो.

मग शेजारी येमेनमध्ये युद्ध पेटलं आणि हे सगळं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. सीमेकडच्या सलालामार्गे जखमी माणसं मस्कतला येऊ लागली. काही आमच्याकडेही आली. कँटीनमध्ये टीव्हीसमोर वाद रंगायचे, कोण बरोबर, कोण चूक. तायडे जेवता जेवता म्हणायचे, "ते नंतर ठरवा. ज्यांच्या अंगावर पडणार होतं, त्यांना आधी कोणी विचारलं होतं का?" एकदा मी वैतागून म्हटलं, अहो, युद्ध आहे, युद्धात सगळं चालतं. त्यांनी घास खाली ठेवला. "नाही चालत. उद्या तह करायला बसायचंच आहे ना? मग आज इतकं खोटं बोलू नये की उद्या समोरचा आपल्या शब्दावर विश्वासच ठेवणार नाही."

त्याच सुमारास सालेह आले. भूगोलाचे शिक्षक, वय चाळिशीच्या आसपास. दोन्ही पाय गुडघ्याखाली चिरडलेले. त्यांच्या गावात लाउडस्पीकरवरून शस्त्रसंधी जाहीर झाली होती. बाहेर पडा, पाणी भरून घ्या, भीती नाही. सालेह आपल्या मुलीला, अमलला, घेऊन पाण्याच्या रांगेत उभे राहिले आणि रांगेवर तोफगोळा पडला. सालेहची शुद्ध गेली ती इकडे येऊनच परतली. अमल जागीच गेली होती. हे त्यांच्याबरोबर आलेल्या धाकट्या भावाला, हमीदला, ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं. फक्त सालेहना ठाऊक नव्हतं.

हमीदने हात जोडून मोडक्या इंग्रजीत सांगितलं, ऑपरेशनं होईपर्यंत कोणी बोलू नका, तो खचेल. जोगळेकरांना पटलं. वॉर्डच्या सिस्टर लिसी केरळच्या, त्यांनाही पटलं. अमल सलालाच्या हॉस्पिटलात आहे, बरी आहे, असं ठरलं. सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तायडे भाई को इधर मत आने दो. वो सब बोल देगा." पण पायांबद्दल डॉक्टरांशी बोलायला दुभाष्या लागणारच होता, आणि त्या पाळीला दुसरा नव्हता.

तायडेंना हे कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "त्या माणसाला एकदा खोटं सांगून घराबाहेर काढलंय, सावंत. आता दुसऱ्यांदा आपण?"

"तुम्ही सांगणार आहात?"

"मी आपणहून काही बोलणार नाही. त्याने विचारलं तर मात्र खोटंही बोलणार नाही. विचारायचं की नाही, ते त्याच्यावर आहे."

आणि सालेह विचारेनात. भावाला विचारत, सिस्टरना खुणा करून विचारत, सफाईवाल्यालासुद्धा विचारत. प्रत्येक जण हसून मान डोलवायचा. तायडेंना मात्र ते पायांचं विचारत, मस्कतच्या हवेचं विचारत, भारतातल्या नद्यांबद्दल बोलत. तायडे ड्यूटी संपल्यावरही त्यांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसू लागले. खोटं न बोलणाऱ्या माणसाला सालेह तो एक प्रश्न सोडून सगळं विचारत होते. मला ते बघवत नसे. एक्स-रेचं पोर्टेबल मशीन घेऊन त्या वॉर्डात जायचं मी टाळू लागलो.

तरी एका सकाळी जावं लागलं. मी प्लेट लावत होतो, तायडे बाजूला उभे होते, आणि सालेहनी छताकडे बघत एक छोटं वाक्य उच्चारलं. त्यात अमलचं नाव होतं. तायडे स्टुलावर बसले. त्यांनी सालेहचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तेवढ्याच छोट्या वाक्यात उत्तर दिलं.

सालेह ओरडले नाहीत. त्यांनी डोळे मिटले. दारातून हमीद धावत आला, त्याला सगळं समजलं, आणि त्याने तायडेंच्या मुस्काटात मारली. चष्मा माझ्या मशीनखाली जाऊन पडला. तायडेंनी हात वर केला नाही. सिस्टर रडत होत्या, जोगळेकर मराठीत ओरडत होते आणि त्या दिवशी त्याचं भाषांतर कोणी केलं नाही. दुपारी मॅनेजमेंटने तायडेंना वॉर्डात जायची बंदी केली.

मागच्या जिन्यात ते बसले होते. मला त्यांचा रागच आला होता. मी म्हटलं, "तुमच्या त्या जर्मनाला पोरंबाळं होती का हो? नसणारच."

"नव्हती," तायडे म्हणाले. मग चष्म्याची वाकलेली काडी सरळ करत म्हणाले, "आपल्याकडे घरून फोन येतो बघा. सिरीयस आहे, ताबडतोब निघा."

आखातात राहणाऱ्या प्रत्येकाला तो फोन माहीत असतो. त्याचा अर्थही माहीत असतो. फक्त आपल्याला फोन येतो तेव्हा तो अर्थ कोणी लावत नाही.

"मला आला होता. बायको सिरीयस आहे म्हणून. विमानात मी ठरवत होतो, तिला मुंबईला हलवायचं, मोठा डॉक्टर गाठायचा. दुबईच्या एअरपोर्टवर तिच्यासाठी स्वेटर घेतला, हॉस्पिटलात थंडी वाजेल म्हणून. घरी पोचलो तर अंगण धुतलेलं. आदल्या दिवशीच सगळं उरकलं होतं. चांगलीच माणसं हो सगळी, माझ्या काळजीपोटीच खोटं बोलली. पण दुःख माझं होतं ना, सावंत? ते गावात सगळ्यांना वाटून झालं आणि मला शेवटी मिळालं."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. इतकी वर्षं एका छताखाली राहून हा माणूस विधुर आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

"सालेहना सांगितलंत ते बरोबर केलंत?" मी विचारलं.

"माहीत नाही," तायडे म्हणाले. हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

सालेह चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. डावा पाय काढावा लागणार होता आणि संमती हवी होती. मॅनेजमेंटने दुसरा दुभाष्या पाठवला, तर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. शेवटी हमीदच खाली आला आणि मान खाली घालून तायडेंना वर घेऊन गेला. मशीनसकट मीही मागोमाग गेलो.

जोगळेकरांनी पायाचं समजावलं. सालेहनी मान हलवली, काढा. मग ते आपणहून बोलू लागले, हळूहळू, थांबत थांबत. तायडे भाषांतर करताना समोरच्याच्या वतीने थेट 'मी' म्हणत, तसेच आताही म्हणत होते.

"मी तिला घरीच ठेवणार होतो. तीच मागे लागली. मी म्हटलं, चल, आता शस्त्रसंधी झालीय. तिने लहान कॅन घेतला, मी मोठा. रांगेत ती मला राजधान्या विचारत होती. मी मुद्दाम एक चुकीची सांगितली, तर तिने ती दुरुस्त केली."

सालेह थांबले. त्यांचे ओठ मिटलेले होते, नजर खिडकीवर होती. त्यांच्या बाजूने एक शब्दही येत नव्हता.

तायडे मात्र थांबले नाहीत. त्याच आवाजात, जोगळेकरांकडे बघत ते म्हणाले, "मला कोणी सांगितलंच नाही. मी तिच्यासाठी स्वेटर घेतला होता."

जोगळेकरांनी ते सालेहचंच समजून मान डोलवली. मी मशीनचा प्लग काढला, दिवा विझला, आणि तायडेंच्या खांद्यावर हात ठेवून तसाच उभा राहिलो.